खाण उद्योगातील पहिली नोकरी : गोव्यातील मुलामुलींसाठी आणि पालकांसाठी

डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांत खाणीशी अजिबात संबंध न आलेले घर शोधावे लागेल. कुणी पिटवर होते, कुणी बार्जवर, कुणाचा ट्रक होता, तर कुणाचे रस्त्याकडेला गॅरेज किंवा चहाचे हॉटेल होते. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दशकात इथले लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानला जाऊ लागले. तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांना 'खाणीवर लागला' म्हणजे मुलगा मार्गी लागला असे वाटत आले आहे.

आता डिचोलीच्या बाजूला पुन्हा काम सुरू झाल्यापासून आपल्या मंडळात पालक विचारू लागले आहेत : मुलाला खाणीत पाठवावे का, आणि पाठवायचे तर कसे? आम्ही काही जण बँकेतून निवृत्त झालेले आहोत. खाण चालू असतानाचे आणि बंद पडल्यानंतरचे अशी दोन्ही काळातली खाती आम्ही पाहिली आहेत. त्या अनुभवातून आणि नियमांच्या माहितीतून ही टिपणे तयार केली आहेत.

आधी परिस्थिती समजून घ्या

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पद्धतीने पहिल्या गटांचे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या गटातून उत्पादनाला सुरुवात झाली.

याचा अर्थ एवढाच, की बारा वर्षांत हा उद्योग दोनदा बंद पडला. दोन्ही वेळा घरात बसावे लागले ते कुणाला आणि बाहेर पडून चार महिन्यांत दुसरीकडे रुजू झाले ते कोण, हे आम्ही जवळून पाहिले. ज्यांच्याकडे स्वतःच्या नावाचे सर्टिफिकेट आणि अनुभवाचे नीट कागद होते, ते कर्नाटकात संडूरकडे, छत्तीसगडला, ओडिशाला, काही जण देशाबाहेरही गेले. ज्यांची सगळी कमाई इथल्या एका ट्रकवर किंवा तोंडी ओळखीवर उभी होती, त्यांना जाता आले नाही. म्हणून पहिली नोकरी निवडताना सुरुवातीचा पगार किती, यापेक्षा या नोकरीतून माझ्या हाती काय राहील, हे आधी पाहावे.

कोणत्या शिक्षणाला कोणते काम

आयटीआय : डिझेल मेकॅनिक, फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर या ट्रेडच्या मुलांना यंत्रांच्या देखभालीत आणि खनिज धुण्याच्या व चाळण्याच्या प्लांटमध्ये काम मिळते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिसशिप मिळत असेल तर ती घ्यावी. विद्यावेतन कमी असले तरी चालेल. हा ट्रेड खाणीबाहेरही चालतो, हा त्याचा मोठा फायदा.

यंत्रचालक : पोकलेन, डोझर, लोडर, डंपर चालवणारा चांगला ऑपरेटर कुठेही लागतो. ट्रकसारख्या व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी वय २० पूर्ण लागते आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असावा लागतो. बारावी होताच हलक्या वाहनाचा परवाना काढून ठेवला तर पुढचे वर्ष वाया जात नाही.

खाण पदविका आणि पदवी : नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात खाणकामाची पदविका आहे. पदवीसाठी नागपूरचे व्हीएनआयटी, सुरतकलचे एनआयटी आणि धनबादचे आयआयटी ही आपल्याकडची मुले जातात ती ठिकाणे. सार्वजनिक कंपन्यांतल्या अधिकारी पदांसाठी गेट परीक्षेचे गुण अनेकदा विचारात घेतले जातात, म्हणून शेवटच्या वर्षातच त्या परीक्षेला बसावे.

भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्र : पणजीच्या धेंपे आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकता येते, पुढे गोवा विद्यापीठात एमएस्सी करता येते. सुरुवात बहुधा नमुने गोळा करण्यापासून आणि ड्रिलिंगमधून निघालेल्या गाभ्याची नोंद ठेवण्यापासून होते. गोव्याचे खनिज बरेचसे कमी प्रतीचे असल्याने त्यात लोहाचे प्रमाण किती, यावर सगळा भाव ठरतो. म्हणून प्रयोगशाळेतल्या माणसाला इथे किंमत आहे.

वाणिज्य : आमच्यासारख्या बीकॉमवाल्यांनाही खाणीत जागा असते. वजनकाटा, डिस्पॅच, स्टोअर, रॉयल्टीचा हिशेब ही कामे आहेत. लोहखनिजावर सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के रॉयल्टी राज्याला द्यावी लागते. लिलावात मिळालेल्या खाणीला त्या रॉयल्टीच्या १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे वेगळी भरावी लागते. सरासरी किमती नागपूरचे भारतीय खाण ब्यूरो जाहीर करते. हे तीन आकडे आणि टॅली व्यवस्थित येणारा मुलगा किंवा मुलगी पहिल्या मुलाखतीत उठून दिसते.

सर्टिफिकेट म्हणजे काय

खाणीत काही कामे फक्त खाण सुरक्षा महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीएमएसचे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसालाच करता येतात. या कार्यालयाचे मुख्यालय धनबादला असून गोवा विभागाचे कार्यालय मडगावला आहे. लोहखनिजासारख्या धातूच्या खाणींत मेट, ब्लास्टर, फोरमन, सर्वेक्षक आणि त्यावर दुसऱ्या व पहिल्या वर्गाचा मॅनेजर अशी ही प्रमाणपत्रे आहेत. कोळसा खाणींत नावे वेगळी : सरदार, ओव्हरमन वगैरे. तिथे हवेतला वायू तपासण्याचे प्रमाणपत्रही लागते. चंद्रपूरकडे जायचा विचार असलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. धातूच्या खाणीचे प्रमाणपत्र कोळशाला तसेच्या तसे चालत नाही.

या परीक्षांना बसण्यासाठी खाणीतल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. शिक्षण जास्त असेल तर अनुभवाची अट कमी होते. खाण पदविका आणि पदवीधारकांसाठी एक वर्षाचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते, ते टाळू नये.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा अनुभवाच्या दाखल्यावर. 'अमुक मुलगा आमच्याकडे होता' एवढ्याने भागत नाही. कोणत्या खाणीत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या कामावर, हे मॅनेजरच्या सहीनिशी लिहिलेले हवे. नोकरी सोडताना हा दाखला हातात पडल्याशिवाय शेवटचा हिशेब पुरा झाला असे समजू नये. खाण बंद पडल्यावर सही करायला मॅनेजर जाग्यावर सापडत नाही.

रुजू होताना हे पाहावे

वय : १९५२ च्या खाण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीला खाणीत कामाला ठेवता येत नाही. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत सामावला आहे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर ही तत्त्वे कायम आहेत. आकडे विचारायला लाजू नये.

वैद्यकीय तपासणी : कामावर घेण्याआधी छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता, कान आणि डोळे तपासतात. या पहिल्या अहवालाची प्रत मागून घरी फायलीत ठेवा. धुळीने फुप्फुसांचा आणि आवाजाने कानांचा आजार हळूहळू वाढतो. पंधरा वर्षांनी 'हे खाणीमुळे झाले' असे म्हणायचे तर रुजू होताना फुप्फुसे आणि कान चांगले होते, याचा कागद लागतो.

प्रशिक्षण : १९६६ च्या व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार नव्या माणसाला आधी प्रशिक्षण द्यावे लागते. पहिल्याच दिवशी 'चल, पिटमध्ये उतर' असे कुणी म्हणाले तर ती खाण नीट चालत नाही, असे समजावे.

नेमणूकपत्र : मुलगा कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या? पत्रावर नाव कुणाचे आहे ते वाचा. ठेकेदाराकडची नोकरी वाईटच असते असे नाही; कित्येकांची सुरुवात तिथूनच होते. पण मग पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्या महिन्यातच मागून घ्या आणि ऑनलाइन पासबुकात दर महिन्याला भरणा दिसतो का ते पाहा. पगार बँक खात्यात जमा झाला पाहिजे. रोखीने घेतलेल्या पगाराचा उद्या काहीही पुरावा राहत नाही.

मुलींसाठी

खाण म्हणजे फक्त मुलांचे काम, हा समज आता सोडायला हवा. २०१९ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने उघड्या खाणीत स्त्रियांना रात्री ७ ते सकाळी ६ या वेळेतही काम करण्याची मुभा दिली. त्यासाठी तिची लेखी संमती हवी आणि पाळीत किमान तिघींचा गट असावा. गोव्यातल्या लोहखाणी उघड्याच आहेत. भूगर्भशास्त्र, सर्वेक्षण, प्रयोगशाळा, डिस्पॅच आणि यंत्र चालवणे ही सगळी दारे मुलींना खुली आहेत. जाण्यायेण्याची सोय आणि स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का, हे मुलाखतीतच सरळ विचारावे. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचे कुणाला वाईट वाटत नाही.

पहिल्या पगारावर कर्ज नको

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा लिहितो. खाण चालू झाली की घरात पहिला विचार येतो तो ट्रक घेण्याचा. 'नोकरी आहेच, ट्रकही लावू.' हिशेब मांडून पाहू. समजा ३० लाखांचे कर्ज, व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता येतो महिन्याला सुमारे ६३,७४० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ७ लाख ६५ हजार. पण पावसाळ्यात खनिजाची वाहतूक थंडावते. आठ महिन्यांच्या धंद्यातून बारा महिन्यांचे हप्ते काढायचे तर चालू महिन्यात हप्त्यासाठीच सुमारे ९५,६०० रुपये उरावे लागतात. डिझेल, टायर, विमा आणि ड्रायव्हर यांचा खर्च भागवून मग. त्यात खाण वर्षभर थांबली तर काय होते, हे २०१२ नंतर आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा अंगणात उभ्या ट्रकवर गंज चढत होता आणि कर्जखात्यात व्याज.

पहिली तीन वर्षे पगारातून सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला काढावी आणि एक सर्टिफिकेट मिळवावे. ट्रकचा विचार त्यानंतर.

फसवणूक ओळखा

कोल इंडिया, एनएमडीसी, मॉयल अशा सरकारी कंपन्यांच्या नावाने नोकरीची खोटी पत्रे फिरत असतात. या कंपन्यांच्या जागा त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर होतात. अर्जाचे शुल्क असलेच तर ते तिथेच भरायचे असते. सुरक्षा ठेव, 'फाइल पुढे सरकवण्याचा' खर्च, मेडिकलचे पैसे आगाऊ, असे काही कुणी स्वतःच्या खात्यात किंवा यूपीआयवर मागितले तर पैसे पाठवू नका. पाठवून झाले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

मुलाखतीत विचारायचे तीन प्रश्न

१. माझी नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, आणि हजेरी कुठल्या रजिस्टरात लागेल?
२. या कामाचा अनुभव कोणत्या प्रमाणपत्रासाठी धरला जाईल?
३. पावसाळ्यात काम आणि पगार कसा असतो?

या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर नोकरी घ्यावी, पगार दोन हजारांनी कमी असला तरी. उत्तरे टाळली गेली तर थोडे थांबावे.

नेमणूकपत्र हाती आले आणि त्यातले काही कळले नाही, तर सही करण्याआधी ते मंडळाच्या कार्यालयात घेऊन या. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे वाचत आलो आहोत. आपल्या मुलांची वाचायला वेळ निश्चित काढू.