शोधा आणि बदला : रेगएक्सची कुळकथा

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रेगएक्स, हे मजकुराच्या घडणीचे नेमके वर्णन असते. एकच ठराविक शब्द न देता शब्दाचा नमुना द्यायचा. त्यात बसेल ते सारे संगणक शोधतो आणि सांगू ते त्या जागी घालतो.

याचा उगम गणितात आहे. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचे प्रारूप मांडले होते. त्याचा अभ्यास करताना अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये ही लेखनपद्धती घडवली. केन थॉम्पसन यांनी ती क्यूईडी या मजकूर-संपादक प्रणालीत आणली आणि शोधाची रीत १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे युनिक्सच्या ईडी संपादकात बदलाची 'एस' ही आज्ञा रुळली. लॅरी वॉल यांच्या पर्लने १९८७ मध्ये हीच आज्ञा स्क्रिप्टभाषेच्या व्याकरणात बसवली. पायथनसारख्या भाषांनी ते काम फंक्शनकडे सोपवले.

मराठीत नमुन्याची गरज का पडते, हे सीमाभागातील एका नावावरून कळते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील १२ शहरांची नावे बदलली आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. जुन्या मजकुरात 'गुलबर्गा' हा शब्द शोधून बदलला, तर 'गुलबर्ग्याला', 'गुलबर्ग्यात', 'गुलबर्ग्याहून' ही रूपे तशीच राहतात, कारण सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो. गुलबर्ग(ा|्या) हा नमुना दोन्ही शेवट पकडतो. त्याजागी 'कलबुर्गी' घातले, की पुढचा प्रत्यय आपोआप जुळतो: कलबुर्गीला, कलबुर्गीत, कलबुर्गीहून. बीदरचे नाव ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले आढळते; तिथे ब[िी]दर पुरते.

काही ठिकाणी जुने नाव राखावे लागते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या गुलबर्गा विद्यापीठाचे नाव बदललेले नाही. त्यासाठी 'पुढे विद्यापीठ नसेल तरच' ही अट गुलबर्गा(?! विद्याप) अशी लिहितात. अशी पुढे डोकावणारी अट पर्लच्या पाचव्या आवृत्तीने १९९४ मध्ये आणली.

देवनागरीत आणखी एक दक्षता लागते. पायथनचे अंगभूत 'री' मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दातील अक्षर मानत नाही. त्यामुळे शब्दाची हद्द दाखवणारी खूण वापरली, तर कान्यावर संपणारा सुटा 'गुलबर्गा' सापडतच नाही. अशा वेळी शब्दापुढे मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट हवा, अशी अट नमुन्यात स्पष्ट लिहावी लागते.