चार किलोमीटर पाणी: हेल्सिंगोरची गोष्ट

शाळेत आपल्याला आगरकर भेटतात ते 'सुधारक'वाले. पण त्यांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं होतं हे किती जणांना माहीत आहे? १८८३ साली, 'विकारविलसित' नावानं. पुढे गणपतराव जोशींनी ते रंगभूमीवर गाजवलं. त्या नाटकातलं गाव खरंच आहे. डेन्मार्कमधलं हेल्सिंगोर, इंग्रजीत एल्सिनोर. आज तिकडेच जाऊया.

नकाशा उघडा. हेल्सिंगोरच्या समोर स्वीडनचं हेल्सिंगबोर्ग आहे आणि मध्ये ओरेसुंडची सामुद्रधुनी, फक्त चार किलोमीटर. बाल्टिकमधलं धान्य, लाकूड, डांबर पश्चिमेकडे न्यायचं, तर मुख्य वाट हीच. आणि १६५८ पर्यंत दोन्ही किनारे डेन्मार्कचेच!

मग राजाने काय केलं असेल? बरोबर, जकात नाका. १४२९ च्या सुमारास राजा एरिकने इथे जकात सुरू केली आणि किल्ला बांधला. आधी प्रत्येक जहाजाला एक ठरलेलं सोन्याचं नाणं. १५६७ पासून मात्र मालावर जकात, आणि उत्पन्न एकदम वाढलं. दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ ते १५८५ मध्ये जुन्या किल्ल्याचा राजवाडा केला, तोच क्रोनबोर्ग. न थांबता निघून जाणाऱ्यांसाठी तोफा होत्याच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. मालाची किंमत कप्तानानेच सांगायची. मग तो कमी नाही का सांगणार? तर राजाला हक्क होता, की सांगितलेल्या किमतीत तो माल विकत घ्यायचा. कमी सांगाल तर माल त्याच भावात जाईल, जास्त सांगाल तर जकात वाढेल. म्हणजे खरं सांगणंच फायद्याचं. मी दिवसभर कोड लिहितो, पण इतकं साधं व्हॅलिडेशन मला सुचलं नसतं.

आणि हो, सगळं वहीत लिहायचे. तारीख, कप्तानाचं नाव, त्याचं गाव, माल, जकात. सगळ्यात जुनी शिल्लक वही १४९७ ची. आता या वह्यांचा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्यात सुमारे १८ लाख फेऱ्यांच्या नोंदी आहेत. मी एका रविवारी 'जरा बघतो' म्हणून उघडला आणि संध्याकाळ कधी झाली कळलं नाही.

गाव जगत होतं ते या थांबण्यावर. जहाज थांबलं की खलाशी उतरणार, खाणार, पिणार, शिधा भरणार. पण अमेरिकेने जकात द्यायला नकार दिला, इतर देशही कंटाळलेच होते. १८५७ च्या कराराने जकात कायमची बंद झाली. डेन्मार्कला एकरकमी ३ कोटी ३५ लाख रिग्सडालर भरपाई ठरली. पैसे सरकारला मिळाले, गावाची गिऱ्हाइकं मात्र गेली.

१८८२ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना आला. गाव पुन्हा उभं राहिलं, पण १९८३ मध्ये तोही बंद झाला. आज त्याच शेड्समध्ये सांस्कृतिक केंद्र आहे. जुन्या कोरड्या गोदीभोवती जमिनीखाली सागरी संग्रहालय आहे, २०१३ मध्ये उघडलेलं. जमिनीखाली का? तर क्रोनबोर्ग झाकला जाऊ नये म्हणून. २००० पासून तो जागतिक वारसा आहे ना!

पण या गावाची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट कुठल्याच वहीत नाही. ऑक्टोबर १९४३. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात आणि ज्यूंची धरपकड सुरू झालेली. समोर तटस्थ स्वीडनचे दिवे दिसत होते. गावातल्या काही जणांनी गट केला आणि त्याला नाव दिलं 'शिवणकाम मंडळ'. त्यात पोलीस होता, पत्रकार होता, एर्लिंग किअर नावाचा बुकबाइंडर होता. रात्री होड्यांतून माणसं पलीकडे जाऊ लागली. सगळं फुकट नव्हतं, किनाऱ्यावरच्या अनेक कोळ्यांनी पैसे घेतले, कारण पकडले गेले तर होडी आणि जीव दोन्ही जाणार होतं. किअर १९४४ मध्ये पकडला गेला, छळछावणीत गेला, पण वाचला. देशभरातून ७,००० हून जास्त ज्यू असे स्वीडनला पोहोचले.

मी डेटावाला माणूस, नोंद नाही तर घडलंच नाही असं म्हणणारा. पण ज्या पाण्यावर चारशे वर्षं प्रत्येक पिंपाची नोंद झाली, तिथेच त्या रात्री नाव कागदावर न येण्यात जीव वाचत होता. म्हणून आता १८ लाख नोंदी बघताना मी त्यात नसलेल्यांचाही विचार करतो.

तर मंडळी, क्रोनबोर्गचा फोटो दिसला तर हॅम्लेट आठवाच, पण जरा त्याच्या मागचं पाणीही बघा. भेटूया पुढच्या भागात!