वाट दाखवणाऱ्यांची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करत. टेलिफोन एक्स्चेंज तेव्हा माणसं चालवत. फोन उचलला की ऑपरेटर विचारायची, कोण हवंय, आणि हातानं तार जोडून द्यायची. आपल्यासाठी आलेले फोन एक्स्चेंजमधून परस्पर प्रतिस्पर्ध्याकडे वळवले जातात, असा स्ट्रोजर यांना दाट संशय होता. ती ऑपरेटर त्या प्रतिस्पर्ध्याचीच बायको होती, असंही सांगतात. स्ट्रोजर यांनी मग ऑपरेटरची गरजच उरणार नाही असं यंत्र तयार केलं. 10 मार्च 1891 रोजी त्याचं पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट इथे असं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं.

आज मोबाइलवरचा फोटो काही क्षणांत जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचवणाऱ्या स्विच आणि राउटर यांचं मूळ शोधायचं, तर या संशयापासून सुरुवात करावी लागते. वाट दाखवणाऱ्याच्या शब्दावर भरवसा किती ठेवायचा, हा प्रश्न या यंत्रांच्या प्रत्येक पिढीला नव्यानं सोडवावा लागला आहे.

स्ट्रोजर यांनी माणूस हटवला, पण एक्स्चेंज राहिलंच. दोघांचं बोलणं चालू असेपर्यंत त्यांच्यामधली अख्खी लाइन त्यांच्यासाठी अडकून पडायची. दोघंही गप्प बसले तरी ती दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. शिवाय शेकडो लाइनी एकाच इमारतीत येऊन मिळत असल्यामुळे ती इमारत पडली की सगळं शहर मुकं. अणुयुद्धाच्या धास्तीनं ग्रासलेल्या 1960 नंतरच्या अमेरिकेत ही गोष्ट फार गंभीर होती. सांता मोनिकाच्या रँड कॉर्पोरेशनमधले अभियंते पॉल बॅरन यांनी त्यावर आमूलाग्र वेगळा उपाय सुचवला. जाळ्याला केंद्रच ठेवायचं नाही. संदेशाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि ते सोडून द्यायचे. वाटेतला प्रत्येक थांबा त्या क्षणी जी वाट बरी दिसेल तिकडे तुकडा पुढे ढकलेल. एखादा थांबा नष्ट झाला, तर बाकीचे त्याला वळसा घालतील. 1964 मध्ये बॅरन यांनी हा विचार सविस्तर अहवालांच्या मालिकेत मांडला. एटी अँड टी या बलाढ्य टेलिफोन कंपनीनं मात्र तो मोडीत काढला.

1965 मध्ये इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे याच विचारापर्यंत पोचले. त्यांच्यापुढे युद्ध नव्हतं. एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावं, एवढीच त्यांची निकड होती. त्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव त्यांनीच दिलं.

विचार प्रत्यक्षात आला तो आर्पानेट या संगणकांच्या जाळ्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन कंपनीला त्याचं कंत्राट मिळालं. फ्रँक हार्ट यांच्या चमूनं हनीवेल कंपनीचा डीडीपी-516 हा संगणक घेऊन त्याचं ‘इम्प’ नावाचं यंत्र बनवलं. मोठ्या कपाटाएवढी ही पेटी म्हणजे आजच्या राउटरची खापरपणजी. 29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला सुरुवात झाली. दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. तासाभरानं पुन्हा प्रयत्न झाला, तो साधला.

पण इम्पला वाट कळायची कशी? मार्ग ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला विल क्राउदर यांनी. गुहा शोधत हिंडण्याचा छंद असलेल्या याच गृहस्थांनी पुढे गुहेतल्या भटकंतीचा प्रसिद्ध संगणकीय खेळ लिहिला. त्यांच्या पद्धतीत कुणाही इम्पकडे पूर्ण नकाशा नव्हता. प्रत्येक इम्प सेकंदाच्या सुमारे दोन तृतीयांश इतक्या अंतरानं शेजाऱ्यांना कळवायचा, की अमुक ठिकाणी पोचायला माझ्याकडून इतका वेळ लागतो. शेजारी त्यात स्वतःपासून त्या इम्पपर्यंतचा वेळ मिळवून सर्वांत कमी आकड्याची वाट निवडायचा आणि आपला हिशेब पुढच्याला सांगायचा. ऐकीव माहितीवर चाललेला हा कारभार बहुतेक वेळा सुरळीत चाले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत हार्वर्डच्या इम्पची स्मृती बिघडली. त्याच्या तक्त्यातले सगळे आकडे शून्य झाले. म्हणजे जाळ्यातल्या कुठल्याही ठिकाणाचं अंतर माझ्यापासून शून्य, असं तो सगळ्यांना सांगू लागला. शेजाऱ्यांनी ते खरं मानलं, त्यांच्या शेजाऱ्यांनीही मानलं. देशभरची पॅकेटं हार्वर्डकडे धावली आणि तिथे गडप झाली.

1979 मध्ये जॉन मॅकक्विलन आणि सहकाऱ्यांनी आर्पानेटची पद्धत बदलली. प्रत्येक यंत्रानं दूरच्या ठिकाणांबद्दल अंदाज सांगायचे नाहीत. फक्त स्वतःच्या लाइनींची स्थिती साऱ्या जाळ्याला कळवायची. माहितीच्या या तुकड्यांमधून प्रत्येक यंत्र आपल्यापुरता संपूर्ण नकाशा जुळवतं आणि सर्वांत जवळची वाट स्वतः मोजतं. मोजण्याची रीत तयार होती. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा 1956 मध्ये होणाऱ्या पत्नीबरोबर ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसले होते. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सर्वांत कमी अंतरानं कसं जायचं, हे कोडं त्यांनी तिथे कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत सोडवलं. 1959 मध्ये छापून आलेलं ते उत्तर आजही जगभरच्या राउटरमध्ये अहोरात्र चालतं.

नव्या पद्धतीनं खोट्या अंतरांचा प्रश्न सोडवला, पण सांगणाऱ्यावरचा विश्वास कायमच होता. 27 ऑक्टोबर 1980 रोजी एका यंत्राच्या बिघडलेल्या स्मृतीमुळे स्थितीच्या संदेशाची तीन रूपं तयार झाली. त्यांचे क्रमांक असे पडले, की दुसरं पहिल्याहून नवं, तिसरं दुसऱ्याहून नवं आणि पहिलं तिसऱ्याहून नवं. प्रत्येक यंत्र नवं समजून तेच संदेश फिरवत राहिलं. आर्पानेट कित्येक तास ठप्प झालं.

एकीकडे लांबच्या वाटांचा हा इतिहास घडत होता, तेव्हा इमारतीच्या आत दुसरी शाखा वाढत होती. 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी इथरनेट मांडलं. त्यात सगळे संगणक एकाच केबलवर, एकानं पाठवलेलं सगळ्यांच्या कानी आणि दोघं एकदम बोलले तर टक्कर. संगणक वाढले तशी केबल तुंबू लागली. मग मधे ‘ब्रिज’ आला. त्याला कुणी काही शिकवावं लागत नाही. कुठल्या पोर्टवरून कुणाचा 48 बिटांचा पत्ता आला, एवढं तो नोंदवून ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्याची चौकट, म्हणजे इथरनेटवरचा संदेशाचा तुकडा, नेमकी त्याच पोर्टवर सोडतो. पत्ता ओळखीचा नसेल, तर ती आली तो पोर्ट वगळून सगळीकडे पाठवतो.

यातली मेख अशी, की दोन ब्रिजमध्ये दोन वाटा झाल्या तर चौकटी गोल गोल फिरत राहतात आणि जाळं गुदमरतं. सुरक्षेसाठी जादा केबल टाकावी, तर तीच घात करणार. 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या रेडिया पर्लमन यांनी यावर अतिशय देखणा तोडगा काढला. ब्रिजनी आपापसांत एक मूळ निवडायचं, त्यापासून फांद्यांसारख्या वाटा चालू ठेवायच्या आणि उरलेल्या वाटा बंद करून राखीव ठेवायच्या. एखादी फांदी तुटली, की राखीव वाट उघडते. पर्लमन यांनी आपल्या शोधनिबंधाच्या आरंभी या पद्धतीवर कविताही लिहिली. पुढे 1990 मध्ये सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून ‘कल्पना’ असं नाव ठेवलेल्या सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीनं सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. 1994 मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली. ऑफिसातल्या कपाटात लुकलुकणारा आजचा स्विच याच घराण्यातला.

स्विच जो पत्ता पाहतो, तो उपकरणाला चिकटलेला असतो. तो उपकरण कुठे आहे हे सांगत नाही. जगभरच्या वाटा त्यावर ठरवता येत नाहीत. म्हणून राउटर आयपी पत्ता पाहतो. या पत्त्याचा सुरुवातीचा भाग जाळ्याचं ठिकाण सांगतो आणि राउटर आपल्या तक्त्यातली त्या पत्त्याशी सर्वांत लांबवर जुळणारी, म्हणजे सर्वांत नेमकी नोंद निवडतो.

हजारो स्वतंत्र जाळ्यांनी एकमेकांना या नोंदी कळवायच्या कशा? जानेवारी 1989 मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात तंत्रज्ञांची बैठक भरली होती. तिथे दुपारच्या जेवणाच्या टेबलावर सिस्कोचे कर्क लॉहीड आणि लेन बोसॅक, तसंच आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी कागदी रुमालांवर एक आराखडा उतरवला. तोच बीजीपी. यात जाळं नुसतं अंतर सांगत नाही. वाटेत कुठकुठली जाळी लागतात त्यांची यादीही देतं. यादीत स्वतःचं नाव दिसलं, की राउटर ती वाट टाकून देतो, म्हणून पॅकेटं फिरत राहत नाहीत. मात्र ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ असं कुणी म्हटलं, तर ते खरं की खोटं हे तपासण्याची सोय त्या रुमालांवर नव्हती.

24 फेब्रुवारी 2008 रोजी त्याची किंमत जगाला कळली. सरकारी आदेशानुसार देशात यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूबच्या 256 पत्त्यांची वाट आपल्याकडे वळवली. ती नोंद हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत देशाबाहेर पसरली. यूट्यूब स्वतः 1,024 पत्त्यांची एकत्र नोंद जाहीर करत होतं. 256 ची नोंद अधिक नेमकी, म्हणून जगभरच्या राउटरनी तीच उचलली. यूट्यूब सुमारे दोन तास बहुतांश जगातून नाहीसं झालं. हार्वर्डच्या इम्पनं सांगितलेलं शून्य आणि ही नोंद, दोन्ही एकाच जातीची.

उपाय आता हाताशी आहे. अमुक पत्ते जाहीर करण्याचा अधिकार अमुक जाळ्याला आहे, असा डिजिटल सहीचा दाखला पत्तेधारकानं काढून ठेवायचा आणि राउटरनी आलेली नोंद त्याच्याशी ताडून पाहायची. आरपीकेआय नावाची ही व्यवस्था 2011 पासून सुरू झाली. 2024 च्या मे महिन्यात जगातल्या जुन्या, 32 बिटी पत्त्यांच्या निम्म्याहून अधिक नोंदींना असे दाखले मिळाले होते. पण दाखला असून तो तपासलाच नाही, तर उपयोग नाही. भारतात पत्त्यांचं वाटप निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था करते. आपल्या विद्यापीठांनी, बँकांनी आणि गावोगावच्या लहान इंटरनेट कंपन्यांनी आपल्या नावावरच्या पत्त्यांचे दाखले काढून घ्यावेत, आणि ज्यांच्या हाती राउटर आहेत त्यांनी खोट्या नोंदी दारातच नाकाराव्यात.