अ‍ॅस्टनच्या पोरांचा दुसरा अल्बम

जून १९७०. लंडनमधल्या रीजंट साउंड स्टुडिओत, कंट्रोल रूमच्या काचेशी तुम्ही उभे आहात. तुम्ही इथे कुणालाच दिसत नाही, तेव्हा निवांत पाहून घ्या. काचेपलीकडे विशी-बाविशीतली चार पोरं आहेत, सगळी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली, कामगारवस्तीत वाढलेली. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम फेब्रुवारीत आला. तो त्यांनी एका दिवसात वाजवून मोकळा केला होता. दुसऱ्यासाठीही फार दिवस हाताशी नाहीत.

गिटारवाल्याच्या, टोनी आयोमीच्या, उजव्या हाताकडे बघा. तो डावखुरा, म्हणून तारा दाबतो ते उजव्या हाताने. त्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर टोप्या आहेत. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने त्या स्वतः घडवल्या आणि वरून चामडं चिकटवलं.

हे समजायला पाच वर्षं मागे, १९६५ सालात, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात चला. टोनी सतरा वर्षांचा आहे आणि आज त्याचा कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं. आईने बजावलं, काम पुरं करून ये. एक कामगार आलेला नाही, म्हणून त्याच्या यंत्रावर टोनीला उभं केलंय. यंत्र खाली येतं. टोनी हात मागे ओढतो आणि दोन बोटांची टोकं तिथेच राहतात. डॉक्टर सांगतात, गिटार विसर. पुढे कारखान्याचा फोरमन गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवतो आणि मग सांगतो, हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवतो. त्या फोरमनचे उपकार रॉक संगीतावर कायमचे आहेत, असं मी मनापासून मानतो.

जाड तारा दाबल्या की बोटं दुखतात, म्हणून टोनीने हलक्या तारा लावल्या. टोपीखाली तार जाणवत नाही, म्हणून तो थोडे सूर घेतो, पण ते ठाम आणि ठोस. या संगीताचं वजन त्या जखमेतून आलंय.

परत स्टुडिओत या. ‘वॉर पिग्ज’ चालू आहे, जवळजवळ आठ मिनिटांचं. झुरिकच्या क्लबात दिवसभर पाळीवर पाळी वाजवताना ते वाढत गेलं. त्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. बर्मिंगहॅमवर जर्मन बॉम्ब पडले तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती, पण खेळली ती त्याच पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांत. बेस वाजवणारा गीझर बटलर बहुतेक गाणी लिहितो. व्हिएतनाम पेटलेलं आहे. लढाई ठरवणारे सुरक्षित आणि मरायला गरिबाची पोरं, हा त्याचा संताप आहे. ‘हँड ऑफ डूम’ व्हिएतनामहून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांवर आहे. अमेरिकी तळांवर वाजवताना अशी माणसं या बँडने डोळ्यांनी पाहिली. ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’मध्ये अणुबॉम्ब आहे. आणि तरी लोक या बँडमध्ये सैतान शोधत बसले! ऐकून तर बघा: इथे सैतान आला तरी तो युद्ध लावणाऱ्यांना न्यायला येतो. ही करुणेची गाणी आहेत, फक्त मोठ्या आवाजात.

मोठा आवाजही सगळीकडे नाही. ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’ला ऑझी ऑस्बॉर्नचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय, तो पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. बिल वॉर्डने ड्रम्स सोडून काँगा घेतलेत. पियानोवर ध्वनिमुद्रक टॉम अ‍ॅलम आहे.

आता अडचण. अल्बम थोडा तोकडा पडतोय. निर्माता रॉजर बेनला आणखी एक छोटं गाणं हवंय. बाकीचे तिघे बाहेर गेलेत. थांबा, तुम्ही जाऊ नका. टोनी एकटाच गिटार घेऊन बसतो आणि ती धावती रिफ त्याच्या हाताखालून निघते. तिघे परततात, तो वाजवून दाखवतो, गीझर भराभर शब्द लिहितो, ऑझी कागद बघत गातो. पावणेतीन मिनिटांचं ‘पॅरानॉइड’ तयार. जागा भरायला केलेलं हे गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं. अल्बमचं नाव ‘वॉर पिग्ज’ ठरलं होतं, ते बदलून ‘पॅरानॉइड’ झालं. मुखपृष्ठ मात्र जुन्या नावाला साजेसंच राहिलं, त्यावरचा ढाल-तलवारवाला माणूस तसाच. १८ सप्टेंबरला रेकॉर्ड दुकानांत आली आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली.

आणखी एक उडी मारा: ५ जुलै २०२५, अ‍ॅस्टनमधलंच व्हिला पार्क मैदान. तेच चौघे एकत्र शेवटचं वाजवतायत. पार्किन्सनने थकलेला ऑझी खुर्चीत बसून गातोय. सतरा दिवसांनी तो जाणार आहे. निरोपाला त्यांनी चारच गाणी निवडलीत आणि त्यांतली तीन या अल्बमची आहेत: ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’ आणि सर्वांत शेवटी ‘पॅरानॉइड’. आता तुम्हीही गर्दीत आहात. मोठ्याने गा.