खुकरी, कोयता आणि वेडी बाभूळ: अवजाराचा इतिहास कुठे शोधायचा?

गेल्या दिवाळीत गावी, माढ्याला गेलो होतो. आमच्या बांधावर आणि ओढ्याच्या कडेनं वेडी बाभूळ माजलीय. ती काढायची म्हणून धाकट्या चुलतभावानं ऑनलाइन एक नेपाळी खुकरी मागवली होती. व्हिडिओत बघितलं होतं म्हणे, एका घावात मनगटाएवढी फांदी. खुकरी खरंच चांगली निघाली. पातं पुढच्या बाजूला जड असल्यामुळे घाव आपोआप वजनानं पडतो. बोटाएवढ्या, दोन बोटांएवढ्या फांद्या सपासप तुटल्या. पण अर्ध्या तासात पोराचे दोन्ही हात काट्यांनी रक्ताळले. तात्या बांधावर बसून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "पातं झ्याक हाय, पण हात काट्यात घालावा लागतोय. आपल्या झाडाला लांब दांडा लागतो."

तुम्ही म्हणाल, पीएच.डी.च्या ब्लॉगवर हे काय चाललंय? पण तात्यांच्या त्या वाक्यामुळे माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मला नव्यानं लिहावं लागलं. तुमच्यापैकी बरेचजण सध्या सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून ती चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही सांगतो.

माझा विषय सोलापूर जिल्ह्यातल्या शेतीअवजारांचा सामाजिक इतिहास. सुरुवातीला मी जे केलं ते आपण सगळेच करतो. शोधपेटीत शब्द टाकला: कोयता. वर्तमानपत्रांच्या डिजिटल अंकांत शेकडो नोंदी आल्या आणि मी खूश झालो. वाचायला लागलो तर बहुतेक सगळ्या मारामारी, दहशत, अटक. २०२२-२३ मध्ये पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द रोजच्या बातमीत होता, ते तुम्हाला आठवत असेल. मी चाळीस पानं लिहून मॅडमना दिली. त्यांनी वाचली आणि विचारलं, "यात कोयत्यानं कुणी ऊस कुठं तोडलाय?"

एकाही पानावर तोडलेला नव्हता.

आता खुकरीकडे या, कारण तिच्या बाबतीत हेच दोनशे वर्षांपूर्वी घडलं. १८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यात युद्ध झालं, सुगौलीच्या तहानं ते संपलं. लढाई चालू असतानाच, १८१५ पासून, कंपनीनं गोरखा पलटणी उभ्या करायला सुरुवात केली. पुढे खुकरीबद्दल इंग्रजीत जे लिहिलं गेलं ते बहुतेक शिपायाच्या कमरेची खुकरी बघून. एगर्टन या इंग्रजानं १८८० साली भारतीय शस्त्रांची सचित्र सूची छापली, तिच्यात खुकरी आहे. म्हणजे ती कागदावर आली ती 'शस्त्र' या खणात. आपल्या मराठीतही तेच. गुरखा म्हटलं की रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा आणि महिन्याला पैसे न्यायला येणारा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. त्याच्या गावी शेत असेल, असं आपल्या मनातसुद्धा येत नाही.

पण नेपाळच्या डोंगराळ गावात खुकुरी (तिकडे उच्चार असा) हे आधी घरातलं अवजार आहे. सरपण फोडायचं, झुडूप छाटायचं, बांबू तासायचा, मांस कापायचं, भाजीसुद्धा चिरायची. गवताला वेगळा हँसिया, मोठ्या लाकडाला बन्चरो म्हणजे कुऱ्हाड, आणि या दोन्हींच्या मधलं सगळं खुकुरीचं. म्यानात तिच्याबरोबर दोन छोटी पाती असतात. कर्दा बारीकसारीक कापायला, आणि बोथट चकमक ठिणगी पाडायला किंवा धार सारखी करायला. नीट बघा, ही एका शेतकऱ्याची हत्यारपेटी आहे. ती घडवतो कामी समाजातला लोहार, ज्याला तिथल्या जातिव्यवस्थेनं अस्पृश्य ठरवलं होतं. युद्धाच्या वर्णनांत शिपायाचं शौर्य सापडतं. पातं ठोकणारा कामी त्यात नसतो, आणि सरपण फोडणारी बाईही नसते.

इथे एक पद्धतीचा मुद्दा लिहून ठेवा. दप्तराला अवजार दिसतं ते दोन वेळा: त्यानं कुणाला इजा झाली की, किंवा त्याचा हिशोब मांडायची वेळ आली की. रोजच्या कामाची नोंद कुणी करत नाही, कारण ते रोजचं असतं.

हिशोबाचं उदाहरण माढ्यातच आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, कालवे आले, पुढे उपसा योजना आल्या, आणि ज्वारीच्या या तालुक्यात ऊस पसरला. ऊस आला तसे साखर कारखाने आले, आणि तोडीला बीड-नगरकडची माणसं आली. या व्यवहारात 'कोयता' म्हणजे लोखंडाची वस्तू राहत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. म्हणजे वहीत तुम्हाला 'इतके कोयते' असा आकडा दिसेल. तो अवजारांचा आकडा समजून बेरीज केलीत तर निम्मी माणसं हरवली. आणि हरवतं कोण? बहुतेक वेळा पुरुष तोडतो, बाई पाचट बाजूला करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. हातात कोयता त्याच्या, म्हणून जोडीचं नावही कोयताच.

मग शोधायचं कुठे? मला उपयोगी पडलेल्या चार जागा सांगतो.

पहिली, कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' शब्दाची व्याख्या वाचा. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू तिच्यातून वगळल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून लाठी व साध्या काठीचा उल्लेख आहे. २०१६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे येत होते, पण तिथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. म्हणजे नुसत्या पात्याकडे बघून कायद्यालाही निर्णय देता येत नाही. ते कशासाठी बनवलं, हे विचारावंच लागतं. आपणही तेच विचारायचं.

दुसरी, शब्दकोश आणि जुनी वर्णनं. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. कोयता, कोयती, विळा, खुरपं, कुऱ्हाड हे शब्द एकेक करून त्यात बघा आणि आजच्या गावातल्या अर्थाशी ताडून बघा. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गाव-गाडा' (१९१५) बलुतेदारी समजायला वाचाच, पण लेखक महसूल खात्यातला माणूस होता हे लक्षात ठेवून वाचा. बायकांच्या कामासाठी जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी जाऊन त्यांचा प्रचंड संग्रह केलाय. दप्तरात जे काम नाही ते तिथे भेटतं.

तिसरी, लोखंड. आज आठवडी बाजारात मिळणारा चांगला कोयता बहुतेकदा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवलेला असतो. गंमत म्हणजे नेपाळातले कामीही आज खुकुरीला तेच वापरतात. आता हिशोब करा. ट्रकचा पाटा विसाव्या शतकातला, मग हे पोलाद 'पूर्वापार' कसं? आकार जुना असेल, पोलाद नवं आहे. 'पारंपरिक' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी आकार, धातू आणि घडवण्याची रीत या तिन्हींचं वय वेगवेगळं तपासा.

चौथी जागा भाता. आमच्याकडे घिसाडी कुटुंबं रस्त्याकडेला पाल टाकतात आणि कोयते, विळे, खुरपी घडवून, शेवटून देतात. गेल्या हिवाळ्यात मी वही घेऊन अशाच एका पालावर बसलो होतो. मालक सांडशीत तापलेलं पातं धरून बसलेला, आणि समोर उभं राहून घण घालत होती त्याची बायको. मी त्याला प्रश्न विचारत होतो: किती वर्षं करता, कुणाकडून शिकलात. तासाभरानं मावशींनी घण खाली ठेवला, घाम पुसला आणि म्हणाल्या, "वहीत काय लिवलं, वाचून दाव की लेका." मी वाचलं. त्यात लोहार होता, भाता होता, पोलाद होतं. त्या म्हणाल्या, "आन् घण कोण मारतंय ते?"

ते मी लिहिलं नव्हतं. दप्तराला नावं ठेवणारा मी, आणि डोळ्यांसमोर तासभर चाललेलं काम माझ्याही वहीतून सुटलं होतं. त्या दिवसापासून मुलाखतीला जाताना पहिली पंधरा मिनिटं मी प्रश्न विचारत नाही. कुणाचा हात कशावर आहे, एवढंच लिहितो.

आता परत बांधावर. तात्यांच्या लांब दांड्यामागेही इतिहास आहे. आपली गावठी बाभूळ शेताच्या कामाची होती. नांगर, कुळव, गाडी, सगळं तिचं. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात सरपणाची सोय म्हणून वनखात्यानं बी मागवलं आणि कडप्पा भागात ती लावली. पुढे ती पडीक जमिनी, नदीकाठ, तलाव धरत पसरत गेली. तिचा कोळसा चांगला होतो, म्हणून रायगडकडची कातकरी कुटुंबं दरवर्षी भट्ट्यांवर राबायला घर सोडून जातात. आणि ती वरून तोडली की मरत नाही. खोडाला डझनभर फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी जाळी आणखी दाट. म्हणून तोडायची रीत ठरलेली: बेचक्याच्या काठीनं फांदी दाबून धरायची, कोयत्यानं कडेच्या फांद्या उतरवायच्या, खोडाला कुऱ्हाड, आणि शेवटी टिकाव-पहारीनं मातीखालचा बुडखा उकरून काढायचा. हे शेवटचं काम टाळलं तर आधीची सगळी मेहनत वाया. खुकरी यात वाईट नाही, ती दुसऱ्या डोंगरातल्या दुसऱ्या झाडांच्या सोबतीनं घडलीय, एवढंच. अवजाराचा इतिहास लिहायचा तर ते ज्या झाडाशी भिडतं त्या झाडाचा इतिहासही वाचावा लागतो.

माझं प्रकरण आता बदललंय. चाळीसपैकी सहा पानं राहिली, तीही 'कोयता बातमीत कसा येतो' एवढ्यापुरती. बाकी ऊस, मुकादमाची वही, भाता आणि घण.

तुम्हाला एक काम देतो. तुमच्या विषयातली एक वस्तू घ्या. दप्तरात ती कुठे कुठे सापडते याची यादी करा आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहा: ही नोंद कुणी केली, का केली. मग त्या वस्तूशी दिवसभर काम करणाऱ्या माणसाजवळ एक दिवस बसा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की जे एकीत आहे आणि दुसरीत नाही, तिथून तुमचा संशोधनप्रश्न सुरू होतो.

खुकरी आमच्या घरी अजून आहे. आई तिनं नारळ फोडते.