निवडक अवधान

निवडक अवधान म्हणजे ज्ञानेंद्रियांवर एकाच वेळी आदळणाऱ्या असंख्य उद्दीपकांपैकी काही मोजक्यांचीच निवड करून उरलेल्यांना जाणिवेबाहेर ठेवणारी मानसिक प्रक्रिया होय. 'अवधान' हा शब्द मराठीत जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधानच मागतात. मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून दोन ज्ञाने एकाच क्षणी उद्भवत नाहीत, असे न्यायदर्शनाचे मत आहे.

== निवड कशी होते ==
उद्दीपकाची तीव्रता, आकार, हालचाल व नावीन्य हे बाह्य घटक, तर गरज, अभिरुची व अपेक्षा हे आंतरिक घटक होत. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र तेथील माकडांसाठीही प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी हातात प्रसाद घेऊन चालणाऱ्या भाविकाची नजर माकडांवरच खिळते व मंदिराचे शिल्पकाम त्याला जाणवतही नाही. त्याच वाटेने रोज जाणाऱ्या गावकऱ्याला मात्र माकडांचे नावीन्य नसते.

== प्रयोग ==
कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयुक्तांच्या दोन कानांत दोन वेगळे संदेश ऐकवले व एकच संदेश मोठ्याने म्हणण्यास सांगितले. दुसऱ्या कानातील आवाज पुरुषाचा की स्त्रीचा एवढे त्यांना कळले. मजकूर जवळजवळ मुळीच आठवेना. यावरून डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये गाळणीचा सिद्धांत मांडला. परंतु दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आल्यास काहींना ते ऐकू येते, असे नेव्हिल मोरे यांना १९५९ मध्ये आढळले. त्यामुळे गाळणी माहिती पूर्णपणे अडवीत नाही, केवळ क्षीण करते, अशी दुरुस्ती ॲन ट्रेझमन यांनी सुचवली.

डॅनियल सायमन्स व ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ मधील प्रयोगात चेंडूफेकी मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना चित्रफितीतून चालत गेलेला गोरिलावेशधारी दिसलाच नाही. तज्ज्ञताही येथे पुरेशी ठरत नाही. २०१३ मधील एका अभ्यासात फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांपैकी २० जणांना प्रतिमेत घातलेले गोरिलाचे चित्र दिसले नाही; त्यांतील बहुतेकांची नजर मात्र त्या जागेवरून गेलेली होती. म्हणजे डोळ्यांनी पाहणे व जाणीव होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

== शतावधान ==
भारतीय अवधानकलेतील प्रयोग वरवर पाहता याविरुद्ध वाटतात. १८८७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, श्रीमद् राजचंद्र यांनी मुंबईत शंभर अवधाने जाहीरपणे करून दाखवली. मात्र अशा प्रयोगांत प्रश्न तुकड्यातुकड्यांनी व आळीपाळीने येतात. त्यामुळे कस लागतो तो मुख्यतः स्मरणाचा आणि लक्ष चटकन वळवण्याच्या सरावाचा.

== रस्ता सुरक्षा ==
'समोरचा माणूस दिसलाच नाही' हे अपघातानंतरचे चालकाचे विधान नेहमीच खोटे असते असे नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरलेला मोबाइल वापरणे धोकादायक वाहनचालनात गणले. परंतु डेव्हिड स्ट्रेयर व विल्यम जॉन्स्टन यांच्या २००१ मधील प्रयोगांत फोन हातात असो वा नसो, संभाषणात गुंतलेल्यांकडून सिग्नल चुकण्याचे प्रमाण सारखेच वाढले. हात मोकळे राहिले तरी अवधान संभाषणातच अडकलेले असते. शेजारी बसलेला सहप्रवासी निदान रस्ता पाहून मध्येच गप्प होऊ शकतो. फोनवरील व्यक्तीला रस्ता दिसत नाही.