धान्याच्या बदल्यात नाव

आज एका कादंबरीबद्दल बोलायचं आहे, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या रेशनबद्दल.

कादंबरी अमेरिकेतली, ‘द हंगर गेम्स’. लेखिका सुझान कॉलिन्स. पुस्तक २००८ मध्ये आलं, सिनेमा २०१२ मध्ये, आणि मग तशाच गोष्टींची रीघ लागली. भविष्यातलं जुलमी राज्य, सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि बंड. ‘डायव्हर्जंट’ हे त्यातलंच. त्याचा तिसरा सिनेमा २०१६ मध्ये पडला आणि शेवटचा भाग निघालाच नाही. तिथून लाट ओसरली. आमच्या गटापर्यंत गोष्ट पोचली ती त्यानंतर. एका ताईंच्या मुलीकडे इंग्रजी प्रत होती. बैठक संपली की ती थोडी थोडी मराठीत सांगायची. नायिका दोन मुलांपैकी कोणाला निवडणार, याची लाटेच्या दिवसांत फार चर्चा झाली म्हणे. आमच्यात त्यावर पाच मिनिटंही कोणी बोललं नाही. आम्ही अडकलो ते धान्यापाशी.

पॅनेम नावाचा देश. एक श्रीमंत राजधानी आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. दरवर्षी चिठ्ठ्या काढून प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी उचलायची, त्यांना एकमेकांना मारायला लावायचं आणि ते टीव्हीवर दाखवायचं. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एकेक वाढते. पण गरिबाच्या मुलाला एक ‘सवलत’ आहे. जास्तीची एक चिठ्ठी टाक आणि एका माणसाचं वर्षभराचं, तेही जेमतेम, धान्य-तेल घेऊन जा. घरात जितकी माणसं तितक्या चिठ्ठ्या टाकता येतात. जुन्या चिठ्ठ्या रद्द होत नाहीत, साठत जातात.

आमच्या सचिवताईंनी लगेच वही उघडली. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. घरात आई, बहीण आणि ती. वर्षाला स्वतःची एक आणि धान्याच्या तीन, पाच वर्षांच्या झाल्या २०. तिचा मित्र गेल अठराचा, घरात पाच माणसं. सहा सत्ते ४२. पुस्तकातही हेच आकडे आहेत. नगराध्यक्षाच्या मुलीला धान्य कधी लागलंच नाही, म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या चिठ्ठ्या फक्त पाच. गेलच्या तर बाराव्या वर्षीच सहा होत्या.

या धान्याला कादंबरीत ‘टेसेरा’ म्हणतात. शब्द जुना आहे, रोमचा. तिथे धान्य घेताना जे टोकन दाखवायचं, त्याचं हे नाव. रोममध्ये इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्रॅकसने कायदा करून नागरिकांना ठरलेल्या स्वस्त दराने धान्य सुरू केलं. इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियसने ते फुकट केलं. माणशी महिन्याला साधारण ३३ किलो गहू. ज्युलियस सीझरने यादी तपासली तेव्हा ३,२०,००० नावं निघाली, ती त्याने १,५०,००० वर आणली. यादी होती पुरुष नागरिकांची. गहू यायचा जहाजांनी, सिसिली, उत्तर आफ्रिका आणि इजिप्तमधून. म्हणजे पिकवणारे एकीकडे आणि फुकट खाणारे दुसरीकडे. पुढे साधारण इ.स. १०० च्या सुमारास जुव्हेनाल या कवीने टोमणा मारला, की लोकांना आता फक्त भाकरी आणि खेळतमाशे हवेत. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानेम’ म्हणतात. देशाचं नाव तिथूनच आलं.

रोमने निदान धान्याच्या बदल्यात पोरांची नावं मागितली नव्हती. तो भाग लेखिकेचा. आपल्याकडे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लावलं. धान्याच्या यादीत नाव असणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

गेल एक गोष्ट चिडून सांगतो. या सवलतीचा खरा उपयोग जिल्ह्यातल्या उपाशी लोकांच्या मनात खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांबद्दल द्वेष पेरण्यासाठी आहे, म्हणजे सगळे मिळून राजधानीकडे बोट दाखवणार नाहीत. हे ऐकल्यावर बैठक थोडी गप्प झाली. पिवळं कार्ड कोणाला मिळालं आणि केशरी कोणाच्या माथी आलं, यावरून आमच्या गल्लीत बोलणं बंद झालेल्या जावा आहेत.

आम्हाला सगळ्यांत लक्षात राहिला तो पाव. अकरावा जिल्हा शेतीचा. तिथे पीक काढणाऱ्यांनाच ते खायची बंदी, खाल्लं तर चारचौघांत फटके. तिथली बारा वर्षांची रू खेळात मारली जाते. कॅटनिस दुसऱ्या जिल्ह्याची, म्हणजे शत्रूच, पण ती तिला फुलांनी सजवून निरोप देते. खेळात बाहेरून वस्तू पाठवायची तर भरमसाट पैसे पडतात. अकराव्या जिल्ह्याच्या लोकांनी रूसाठी पैसे जमवलेले होते. ती गेल्यावर त्यांनी ते परत घेतले नाहीत. त्या पैशांतून आपल्या जिल्ह्याचा, वर बिया लावलेला पाव कॅटनिसला पाठवला. परक्या जिल्ह्याच्या मुलीला असं काही त्याआधी कोणी पाठवलं नव्हतं. तो किती घरांनी उपाशी राहून घेतला असेल, याचा विचार करत ती तो खाते.